भूमध्य समुद्रातला दवाखाना

जून २०१५मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी कार्यालयाने दुसऱ्या सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. विषय होता अफगाणिस्तानातले दवाखाने. यूएसएड ही अमेरिकेची मदतसंस्था. तिने २१ कोटी डॉलरच्या एका कार्यक्रमातून तिथले दवाखाने चालवायला पैसे दिले होते. अशा ६४१ दवाखान्यांची यादी तिने तपासनिसांकडे सोपवली. तपासनिसांनी यादीतले अक्षांश-रेखांश घेतले आणि उपग्रहाच्या छायाचित्रांवर टाकून पाहिले.

जवळपास ८० टक्के नोंदींमध्ये गडबड निघाली. ९० दवाखान्यांना ठिकाणच दिलेलं नव्हतं. १८९ ठिकाणी दिलेल्या बिंदूपासून ४०० फुटांच्या आत एकही इमारत दिसत नव्हती. १३ दवाखाने तर अफगाणिस्तानातच नव्हते. त्यातले सहा पाकिस्तानात, सहा ताजिकिस्तानात आणि एक थेट भूमध्य समुद्रात.

मी डिलिव्हरीच्या गाड्यांना रस्ते दाखवणारं सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे या समुद्रातल्या दवाखान्याचं मला हसू कमी आलं आणि तो तिथे पोचला कसा, याचं कुतूहल जास्त वाटलं. काबूल आणि हेरात दोन्ही साधारण ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. हीच रेघ पश्चिमेकडे ओढत नेली की ती सायप्रसच्या दक्षिणेला पाण्यातून जाते. रेखांशाचा आकडा तेवढा चुकला, की अफगाण दवाखाना आहे त्याच अक्षांशावरून घरंगळत समुद्रात जाऊन पडतो. अशा चुका कुठल्याही डेटाबेसमध्ये होतात. पण हा डेटाबेस २१ कोटी डॉलरचा होता आणि तो नकाशावर टाकून बघायला बाहेरचं कार्यालय यावं लागलं.

त्या बाहेरच्या कार्यालयाचं लांबलचक नाव ‘स्पेशल इन्स्पेक्टर जनरल फॉर अफगाणिस्तान रिकन्स्ट्रक्शन’. म्हणजे अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीसाठी नेमलेला विशेष महानिरीक्षक. थोडक्यात ‘सिगार’ (उच्चार धूर काढायच्या सिगारसारखाच). गेले काही महिने रात्री जेवण झालं की मी मोबाइलवर सिगारचे अहवाल वाचत पडते. दर तीन महिन्यांनी एक, शिवाय ऑडिट, पाहणी अहवाल, इशारेवजा पत्रं. चोऱ्यामाऱ्या त्यात भरपूर आहेत. मला मात्र खिळवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. चुका सापडत होत्या, जगासमोर छापल्या जात होत्या, आणि काम होतं तसंच पुढे चालू राहत होतं.

ही गोष्ट सुरू होते इराकमध्ये.

२००३च्या मे महिन्यापासून पुढच्या वर्षभरात न्यूयॉर्कहून बगदादला लष्करी विमानांमधून नोटा गेल्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, लाकडी फळ्यांवर रचलेल्या अमेरिकी नोटा. जवळपास १२ अब्ज डॉलर, वजन ३६३ टन. हे पैसे अमेरिकी करदात्यांचे नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं. ते इराकचेच होते. तेलविक्रीचे, गोठवलेल्या खात्यांचे. ते खर्च करण्याचा अधिकार मात्र देश चालवणाऱ्या अमेरिकी प्रशासनाकडे होता. जानेवारी २००५मध्ये तपासनिसांनी जाहीर केलं, की इराकी मंत्रालयांना दिलेल्या ८.८ अब्ज डॉलरवर पुरेसं नियंत्रणच नव्हतं. सगळे चोरीला गेले असं नव्हे. ते नेमके कुठे गेले हे दाखवणारा धड हिशोब नव्हता. प्रशासनाचे प्रमुख पॉल ब्रेमर यांचं म्हणणं, की युद्ध चालू असताना पाश्चात्त्य पद्धतीच्या हिशोबाची अपेक्षा धरणं अवास्तव आहे. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. बगदादमध्ये तेव्हा बँका बंद होत्या आणि पगार रोखीनेच वाटावे लागत होते. पण पगार रोखीने वाटायचा तर निदान सही घ्यायचं रजिस्टर तरी जास्त नीट लागतं, कमी नाही.

हे शोधून काढणारा माणूस होता स्टुअर्ट बोवेन. टेक्सासचे गव्हर्नर असल्यापासून जॉर्ज बुश यांच्यासोबत काम केलेला वकील, म्हणजे घरचाच माणूस. तो सांभाळून घेईल अशी बऱ्याच जणांची समजूत असावी. बोवेनने सांभाळून घेतलं नाही. बगदादच्या नव्या पोलीस प्रशिक्षण महाविद्यालयात वरच्या मजल्यावरच्या संडासांचं पाणी खालच्या खोल्यांत छतातून गळतं, हे त्याच्या माणसांनी फोटोंसकट छापलं. दियाला प्रांतात खान बानी साद इथे अर्धवट सोडून दिलेला तुरुंग त्यांनी दाखवला. त्यावर जवळपास चार कोटी डॉलर गेले होते आणि त्यात एकही कैदी कधी राहिला नाही. हिल्ला शहरात रॉबर्ट स्टीन नावाच्या अमेरिकी अधिकाऱ्याकडे तिजोरीच्या किल्ल्या होत्या. लाच घेऊन एकाच कंत्राटदाराला कामं दिल्याबद्दल तो तुरुंगात गेला. या स्टीनला फसवणुकीच्या गुन्ह्यात आधीच शिक्षा झालेली होती, तरीही त्याला कोट्यवधी डॉलरच्या रोकडीजवळ बसवलं होतं.

बोवेनला थांबवण्याचा प्रयत्न झाला तो भाषणं देऊन नाही. २००६मध्ये संरक्षण खर्चाच्या एका जाडजूड विधेयकात गुपचूप एक कलम घातलं गेलं. त्याप्रमाणे त्याचं कार्यालय ऑक्टोबर २००७मध्ये बंद होणार होतं. विधेयक मंजूर झालं, सही झाली आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं. बोभाटा झाल्यावर सेनेटर सुझन कॉलिन्स आणि इतरांनी ते फिरवून घेतलं. कार्यालय २०१३पर्यंत चाललं. इराकच्या पुनर्बांधणीवर अमेरिकेने खर्च केलेल्या ६० अब्ज डॉलरपैकी निदान आठ अब्ज वाया गेले, असा त्याचा शेवटचा अंदाज होता.

अफगाणिस्तानात पुनर्बांधणी सुरू झाली २००२मध्ये आणि सिगारचा कायदा आला जानेवारी २००८मध्ये. मधली सहा वर्षं या एकाच कामावर नजर ठेवणारं कुणीच नव्हतं. त्यानंतरची तीन-चार वर्षंही फार चमकदार नव्हती. पहिले महानिरीक्षक, निवृत्त मेजर जनरल अर्नोल्ड फील्ड्स, यांच्या कामावर खुद्द सेनेटर्सनीच ताशेरे ओढले आणि २०११मध्ये ते पायउतार झाले. सिगारला धार आली ती २०१२मध्ये जॉन सोप्को आल्यावर. हा माणूस आधी ओहायोत संघटित गुन्हेगारीचे खटले चालवायचा. अहवाल लिहायचा तर तो लोकांनी वाचला पाहिजे, वर्तमानपत्रांनी उचलला पाहिजे, असा त्याचा हट्ट. काबूलच्या दूतावासातले अधिकारी त्याच्यावर वैतागायचे आणि तो त्यांच्या वैतागाला फारशी भीक घालायचा नाही.

२०१३मध्ये सोप्को काबूलच्या विमानतळावर उतरला तेव्हा धावपट्टीच्या कडेला मालवाहू विमानांची एक रांग त्याला दिसली. गवतात उभी, न उडणारी. ही इटलीच्या हवाई दलाने वापरलेली जी-२२२ विमानं. अफगाण हवाई दलासाठी अमेरिकेने अशी २० विमानं डागडुजी करून घेतली होती. कार्यक्रमाचा खर्च ५४.९ कोटी डॉलर. विमानं अफगाणिस्तानच्या धुळीत आणि उंचीवर टिकेनात, सुटे भाग मिळेनात. शेवटी कार्यक्रमच गुंडाळला. सोप्कोने विचारणा सुरू केली. चौकशी चालू असतानाच काबूलमधली १६ विमानं कापून भंगारात विकली गेली. मिळाले एकूण ३२,००० डॉलर, म्हणजे पौंडाला सहा सेंट. त्या वेळच्या दराने किलोला आठेक रुपये. आपल्याकडे पेपरची रद्दी याहून महाग जाते.

पुढे काय झालं? तपास वर्षानुवर्षं चालला. २०२०मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने खटला भरायला नकार दिला. २०२१च्या अहवालात सिगारने लिहून टाकलं, की या प्रकरणात कुणालाही जबाबदार धरलं गेलेलं नाही.

अशा गोष्टींची यादी करत बसलं तर हा लेख संपणार नाही. हेलमंडच्या वाळवंटात ६४,००० चौरस फुटांचं लष्करी मुख्यालय बांधलं गेलं. ते नको, असं तिथल्याच मरीन जनरलने २०१०मध्ये लेखी कळवलं होतं. तरी ते बांधलं, आणि वापरलं कधीच नाही. काबूलजवळ ताराखिलला ३३.५ कोटी डॉलरचं वीजकेंद्र उभारलं, तेही डिझेलवर चालणारं. ते डिझेल इतकं महाग पडायचं की केंद्र जवळजवळ बंदच असायचं. पोलिसांच्या सरावासाठी बांधलेल्या एका जागेच्या भिंती चार महिन्यांत पावसापाण्याने विरघळायला लागल्या, कारण विटांत वाळूच जास्त होती. आणि गणवेश! अफगाण सैनिकांसाठी हिरव्या जंगलाच्या नक्षीचा गणवेश निवडला गेला. अफगाणिस्तानचा फक्त २.१ टक्के भाग जंगल आहे. तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांना ही नक्षी इंटरनेटवर बघताना आवडली, एवढंच कारण. नक्षीचे हक्क खाजगी कंपनीचे, त्यामुळे सिगारच्या हिशोबाने २.८ कोटी डॉलर जास्तीचे गेले.

हे सगळे मूर्ख होते का? मला तसं वाटत नाही. पैसे खर्च करणाऱ्या माणसाच्या खुर्चीत बसून बघा. काबूलमधली नेमणूक साधारण वर्षभराची. पहिले काही महिने माणसं ओळखण्यात जातात, शेवटचे सामान आवरण्यात. मधल्या काळात तुम्ही काय केलंत हे दाखवायचं तर एकच आकडा हाताशी असतो, किती निधी खर्च झाला. शाळेत मुली टिकल्या का हे कळायला पाच वर्षं लागतात. शाळेचं बिल पास झालं का हे त्याच दिवशी कळतं. वर्षअखेर जवळ आली की उरलेला निधी परत जाऊ नये म्हणून धावपळ. अमेरिकेचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, पण हा सगळा प्रकार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपण त्याला मार्च एंड म्हणतो. फेब्रुवारीत अचानक उकरलेले आणि मार्चमध्ये घाईघाईने डांबर ओतलेले रस्ते बघतच आपण मोठे झालो. ऑगस्ट २०२१मध्ये, काबूल पडलं त्याच आठवड्यात, सिगारने वीस वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात या मुद्द्याचा चांगलाच समाचार घेतलाय. अमेरिकेने वीस वर्षांचं एक काम केलं नाही, एकेका वर्षाची वीस कामं केली, असा त्याचा मथितार्थ.

तपासनिसाचा आकडा म्हणजे देववाणी, असंही समजायला नको. २०१५मध्ये सिगारने उत्तर अफगाणिस्तानातल्या शिबरघान शहरातला एक सीएनजी पंप गाजवला. खर्च जवळपास ४.३ कोटी डॉलर, तर पाकिस्तानात असा पंप पाच लाखांत होतो. गाडीला गॅसचं किट बसवायला ७०० डॉलर आणि सरासरी अफगाण माणसाचं वर्षाचं उत्पन्न ६९० डॉलर. मथळे झाले, विनोद झाले. नंतर संरक्षण विभागाने सांगितलं, की त्या आकड्यात कार्यालयीन आणि इतर खर्च धरला गेलाय, प्रत्यक्ष पंपाचा खर्च बराच कमी, एक कोटीच्या आत. यावरून दोन्ही बाजूंची बरीच जुंपली. माझ्या दृष्टीने यातली गंमत वेगळीच आहे. पंप बांधणाऱ्या विभागालासुद्धा चटकन सांगता येत नव्हतं, की पंपाला किती पैसे लागले.

आता दवाखान्यांकडे परत येते, कारण तिथे एक साधा प्रश्न उरतोच. उपग्रहाचे फोटो कशाला? जाऊन का नाही बघितलं?

जाता येत नव्हतं. ऑक्टोबर २०१३मध्ये सिगारने तीन खात्यांच्या प्रमुखांना नकाशांसह पत्र पाठवलं. त्यात अफगाणिस्तानच्या नकाशावर काही गोल काढले होते. अमेरिकी नागरी कर्मचारी फक्त या गोलांच्या आतच जाऊ शकत होते. गोल किती मोठा हे ठरायचं हेलिकॉप्टरवरून. जखमी माणसाला तासाभरात चांगल्या रुग्णालयात पोचवता येईल, एवढंच अंतर. सैन्य जसं माघारी जाईल, तळ जसे बंद होतील, तसे हे गोल आकसत जाणार होते. २०१४मध्ये देशाचा जेमतेम २१ टक्के भाग त्यांच्या आत उरेल, असा अंदाज होता. २००९च्या तुलनेत जवळपास निम्मा. उरलेल्या ७९ टक्के भागात पैसे जात राहिले. त्या पैशांचं काय झालं हे बघायला मात्र माणूस जाऊ शकत नव्हता.

हा नकाशा मी बराच वेळ बघत बसले होते. देखरेखीवरचं एवढं प्रामाणिक चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. माझी नजर इथपर्यंत पोचते, याच्या पुढे नाही, असं तपासनिसाने स्वतःच काढून दाखवलं होतं.

मग सिगारने अफगाण संस्थांची मदत घेतली, स्थानिक माणसं पाठवली. तेव्हा दवाखाने सापडायला लागले. काही दिलेल्या बिंदूपासून दहा किलोमीटरहूनही लांब होते, पण ते होते आणि चालूही होते. रांगा लागत होत्या, बायका लेकरांना घेऊन येत होत्या. कुठे वीज नव्हती, कुठे पाण्याची अडचण होती. म्हणजे समुद्रात बुडालेली होती ती फक्त नोंद. आणि दवाखाना कुठे आहे हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असणार. यादी बनवणाऱ्यांनी त्याला विचारलं नव्हतं, एवढंच.

माझ्या कामाच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे भुतांची.

अफगाण सैन्य आणि पोलीस मिळून मंजूर संख्या होती ३,५२,०००. पगाराचा मोठा भाग अमेरिका आणि तिचे मित्रदेश भरत होते. पगारपत्रकावरची कित्येक नावं मात्र खोटी होती. ठार झालेले, पळून गेलेले, कधी भरतीच न झालेले सैनिक. त्यांचे पगार वरचे अधिकारी खिशात घालत. इंग्रजीत त्यांना भूत-सैनिक म्हणतात. आपल्याकडे रोजगार हमीच्या मस्टरवर अशी माणसं दिसली की आपण सरळ बोगस म्हणतो. यात फक्त पैशाची चोरी नसते. चौकीवर ६० जण आहेत असं कागद सांगत असतो, तिथे वीसच जण असतात, आणि रात्री हल्ला होतो तेव्हा ६० जणांची लढाई त्या विसांना लढावी लागते.

यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर आलं. नाव एपीपीएस. अफगाण सैन्याची मनुष्यबळ आणि पगाराची प्रणाली. त्यावर सहा कोटींहून जास्त डॉलर खर्च झाले. कल्पना कागदावर उत्तम होती. प्रत्येक सैनिकाच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन घ्यायचे, त्याला एक ओळख क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक एका मंजूर पदाला जोडायचा. खरा माणूस, खरं पद, खरी हजेरी, तरच पगार. मला कुणी ही प्रणाली लिहायला सांगितली असती तर मीही जवळपास अशीच आखली असती.

काही काळ तिचा उपयोगही झाला. २०१९मध्ये मोजणी या प्रणालीवरून करायला लागल्यावर सैन्य-पोलिसांचा आकडा सुमारे ४२,००० ने खाली आला. एका फटक्यात एवढी माणसं कागदावरून नाहीशी झाली आणि रणांगणावर काहीच फरक पडला नाही, कारण ती तिथे नव्हतीच.

पण पगाराचा शेवटचा धागा त्या प्रणालीला कधी जोडलाच गेला नाही. डोंगरातल्या चौकीवर वीज नाही, इंटरनेट नाही. हजेरी कागदावर, ती वर पाठवणारा तोच अधिकारी ज्याच्या खिशात भुतांचा पगार जातो. अफगाण संरक्षण मंत्रालय पगाराचा हिशोब हातानेच करत राहिलं. काबूल पडल्यानंतर आलेल्या ऑडिटमध्ये सिगारने लिहिलं, की प्रणाली ज्यासाठी बनवली त्यासाठी वापरलीच गेली नाही, आणि २०१९ ते मे २०२१ या काळातले पगाराचे २३.२ कोटी डॉलर शंकास्पद आहेत. ऑगस्ट २०२१मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी अफगाण फौजांचा आकडा तीन लाखांचाच होता. माजी अर्थमंत्री खालिद पायेंदा यांनी नंतर बीबीसीला सांगितलं, की त्यातले बहुतेक जण अस्तित्वातच नव्हते.

आमच्या क्षेत्रात एक गोष्ट रोज दिसते. सिस्टिममध्ये काही बिघडलं की आपोआप इशारा यावा म्हणून अलर्ट लावतात. सुरुवातीला सगळे दचकून बघतात. मग अलर्ट इतके येतात की लोक ते चॅनल म्यूट करतात. लाल दिवा लागलेला असतो, नोंद होत असते, डॅशबोर्ड सुंदर असतो, आणि कुणी बघत नसतं. सिगारचे तिमाही अहवाल वाचताना मला तेच आठवत राहिलं. आणि एका टप्प्यावर अमेरिकी लष्कराने म्यूटच्याही पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी मोजणाऱ्या सेन्सरचीच वायर काढली.

२०१५च्या अखेरीस अफगाणिस्तानातले ७२ टक्के जिल्हे सरकारच्या ताब्यात किंवा प्रभावाखाली होते. ऑक्टोबर २०१८पर्यंत ४०७ जिल्ह्यांपैकी २१९ उरले, म्हणजे ५३.८ टक्के. हे आकडे लष्कर सिगारला द्यायचं आणि सिगार छापायचं. २०१७मध्ये अफगाण सैन्यात किती जण मरतात, किती सोडून जातात, हे गोपनीय ठरवलं गेलं. २०१९च्या एप्रिलमध्ये सिगारने कळवलं, की जिल्ह्यांची मोजणीच आता बंद झाली आहे. निर्णय घ्यायला तिचा उपयोग होत नाही, असं लष्कराचं म्हणणं. उपयोग होत नाही हे खरंच होतं. आकडे वाईट आले म्हणून निर्णय बदललेच नव्हते.

सिगारचीही बाजू पूर्ण स्वच्छ नाही. ‘यातून काय शिकलो’ या अहवालांसाठी त्यांनी चारशेहून जास्त लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. छापील अहवालांची भाषा गुळगुळीत होती. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने माहितीच्या कायद्याखाली कोर्टात भांडून मूळ मुलाखती मिळवल्या आणि डिसेंबर २०१९मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यातला कडवटपणा जगाला दिसला. मोठमोठे अधिकारी खाजगीत म्हणत होते, की आपण काय करतोय हे आपल्यालाच कळत नाही. जाहीरपणे तेच लोक प्रगती होतेय असं सांगत होते.

मग कार्यालयाचा उपयोग काय झाला? झाला. दीडशेहून जास्त गुन्हेगारांना शिक्षा झाल्या. जलालाबादजवळच्या फेंटी तळावर अमेरिकी सैनिकच खोट्या वाहतूक कागदपत्रांवर इंधनाचे टँकर बाहेर विकत होते, ते पकडले गेले. पैसे वसूल झाले, काही वाईट प्रकल्प सुरू होण्याआधी थांबले. पण सिगारला फक्त सांगता येत होतं. थांबवायचा अधिकार ज्यांना होता, त्यांचं मोजमाप खर्चावर होत होतं. आणि सिगार ज्यांना सांगत होतं ते सगळे वॉशिंग्टनमध्ये होते. विटेत वाळू जास्त आहे, हे ज्याच्या डोक्यावर भिंत पडणार त्याला सांगायची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

उलट दिशेने झालेले प्रयत्नही त्याच देशात आहेत. २००३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एकता कार्यक्रमात गावाने आपली परिषद निवडायची, आणि घरटी २०० डॉलरच्या हिशोबाने, जास्तीत जास्त ६०,००० डॉलर, तिच्या हाती यायचे. विहीर, पूल की जनित्र, गावाने ठरवायचं, आणि जमाखर्च गावासमोर मांडायचा. इंटिग्रिटी वॉच अफगाणिस्तान या काबूलच्या संस्थेने आणखी एक केलं. कंत्राटदाराचं काम चालू असलेल्या गावांनी निवडलेल्या स्वयंसेवकांना तिने कामाची पाहणी कशी करायची ते शिकवलं. या माणसांना हेलिकॉप्टर लागत नव्हतं. अडचणी त्यांनाही होत्या. गावातला बळजोर माणूस परिषदेत घुसायचा, कंत्राटदार कंत्राटाची प्रत दाखवायचा नाही. आपल्याकडच्या सामाजिक लेखापरीक्षणात जे होतं तेच. तरी पूल वाहून गेला तर पलीकडच्या शाळेत त्यांचीच मुलं अडकणार होती. एवढी गरज वॉशिंग्टनमध्ये कुणालाच नव्हती.

अमेरिकेवर हसताना मला एक गोष्ट टोचते. अफगाणिस्तानात आपणही बांधलं. हेरात प्रांतातलं सलमा धरण, झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता, काबूलची संसद. ही कामं करताना भारतीय माणसं मारली गेली. कामं पूर्ण झाली, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या कामांचा, चुकांसकट, दर तीन महिन्यांनी जाहीर हिशोब देणारं कार्यालय आपण काढलं नाही. अमेरिकेची भंगारातली विमानं मला पुण्यात, पलंगावर पडून, फुकटात वाचता येतात, कारण त्यांनी ती स्वतः छापली. आपल्या धरणाला उशीर का झाला, खर्च किती वाढला, याचं तसं जाडजूड पीडीएफ माझ्या फोनमध्ये नाही.

जानेवारी २०२५मध्ये सोप्को यांना पदावरून दूर केलं गेलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या इतर डझनभराहून जास्त महानिरीक्षकांनाही घरी पाठवलं होतं. जुलैपासून यूएसएड ही संस्थाच उरली नाही. डिसेंबर २०२५मध्ये सिगारचा शेवटचा अहवाल आला. पुनर्बांधणीसाठी दिलेले १४८ अब्ज डॉलर, त्यातले २६ ते २९ अब्ज उधळपट्टीत, अफरातफरीत आणि गैरवापरात गेलेले. कार्यालयाला टाळं लावायची मुदत कायद्याने ३१ जानेवारी २०२६ ठरवलेली होती.

दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की ४ मार्च २०२५पर्यंत अफगाणिस्तानातली १६७ आरोग्य केंद्रं पैशांअभावी बंद पडली. २५ प्रांतांमध्ये मिळून १६ लाख लोकांचा दवाखाना गेला.